पिवळी माती

नाल्याची रेती आधी चाळणीत,
मग फुलवंताच्या काठवटीत.
हिच्यातच तिची आजी सोनं धुवायची,
दिवसभरात मोहरीच्या सावलीएवढं.
फुलवंता आता आमच्या रोजीवर धुते.
मनगटाला असा हिसका देते
की हलकी रेती आपणहून वाट धरते
आणि तळाशी राहते ती ‘कारी’.
या झाडीत ळ टिकत नाही,
पाण्यात घासून घासून त्याचा र होतो.

मी भिंग लावते.
इल्मेनाइट. क्रोमाइट. पुन्हा इल्मेनाइट.
मग एकच दाणा,
पानाच्या पिंकेत थेंबभर शाई पडावी
त्या रंगाचा.
“सोना नोहे थे,” फुलवंता म्हणते,
“आमी फेकून देतो याले.”

हा पायरोप, मी सांगते.
नागपूर ते वडसा हा अख्खा रस्ता
उभा करून जमिनीत खुपसला
तर त्याच्या टोकाशी याचं गाव.
तिथून किंबरलाइट उसळला वर,
वाटेत भेटेल ते पोटात घालत:
गार्नेट, हिरवा ऑलिव्हिन, अभ्रकाचे पत्रे,
आणि असलाच तर हिरा.
वेग म्हणे आपल्या एसटीइतका.
रेंगाळला असता तर हिऱ्याचं ग्राफाइट झालं असतं,
पेन्सिलीत घालायच्या लायकीचं.
“म्हंजे मधात थांबा नोहता?” इस्तारी विचारतो.
जीप तो चालवतो,
त्याला थांब्यांची काळजी.

पाच दिवस आम्ही नाला उलटा वाचला.
पुलाखाली दोन दाणे.
लाखोळीच्या बांध्यांपाशी अकरा.
सावरटोल्याच्या वळणावर चौतीस,
काहींच्या अंगावर अजून साल,
म्हणजे फार लांबून आलेले नाहीत.
बोडीच्या पाळीखाली मोजणं सोडलं.
आणि बोडीच्या वर, जिथे नाला बोडीत शिरतो,
शून्य.
तीन वेळा धुतलं. शून्य.

पाणी प्यायला कापगत्यांच्या अंगणात बसलो.
ऊन तिरपं झालेलं.
भिंत नुकतीच सारवलेली, पिवळट हिरवी,
अभ्रकानं मिणमिणणारी,
आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर
एक लाल ठिपका.
मी नखानं कोरायला लागले.
“भित कायले कोरतेस वो बाई?”
सुगंधाबाई हातात पितळी गडवा घेऊन तशाच उभ्या.
माती कुठली, मी विचारलं.
“बोडीतली. पानी उतरला का आनतो.
वरची कारी माती काढून टाकाची,
खालची पिवरी, हातानं चुरते अशी.
माही सासूबी थेच आने.”

म्हणजे ज्यांनी बोडी खणली
त्यांच्या कुदळीला इथलीच जमीन मऊ लागली.
भोवती सगळा ग्रॅनाइट, ठण्ण वाजणारा,
आणि मध्ये हा गोल तुकडा,
खालून आलेला, कुजलेला,
पाणी धरून ठेवणारा.
पाणी असलं की धान होतं, त्यांनी बोडी केली.
आम्ही उपग्रहाची चित्रं पसरून
दोन वर्षं हेच वर्तुळ शोधत होतो.

नोंदवहीत रकाना होता: नमुन्याचं ठिकाण.
नाल्याचं पात्र, उघडा खडक, विहीर, इतर.
मी ‘इतर’वर खूण केली.
पुढे ‘भिंत’ लिहिलं आणि खोडलं.

पुढच्या उन्हाळ्यात बोडीच्या तळातून
आठ टन माती गेली, ट्रकनं.
दिवाळीनंतर कागद आला, एकच पान.
किंबरलाइट: होय. हिरा: नाही.
बहुतेक जागी असंच असतं.
एवढ्या खोलीवरून एवढ्या घाईनं येऊन
हात हलवत.

मी सांगायला गेले तेव्हा
सुगंधाबाईंनी माझं नखाचं भोक बुजवलेलं होतं,
कुठे होतं ते मलाही सापडेना.
फुलवंता म्हणाली, बरं झालं,
बोडी राह्यली.
मग थोडं थांबून,
“थे लाल दाने कामाचे नाई न आता?
दोन द्या.
पोरीच्या बाहुलीले डोरे नाई.”